ऐकण्याची मजुरी

माझ्या गॅरेजात जुन्या बुलेटचं किंवा येझदीचं इंजिन उघडायचं की नाही, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. उघडणं, धुणं, पुन्हा जुळवणं ही कामं हाताखालची मुलं माझ्यापेक्षा चपळाईनं करतात. ठरवण्याचं काम मला दोन माणसांनी शिकवलं आणि त्या शिकवण्याची मजुरी त्यांना कधी मिळाली नाही. एक कोल्हापुरातले माझे वस्ताद, ज्यांच्याकडे मी उमेदवारी केली. दुसरे शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचं मशीन चालवणारे अण्णा. दोघांनाही आपलं नाव छापून आलेलं आवडलं नसतं, म्हणून नावं लिहीत नाही.

मी वस्तादांकडे गेलो तो ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मद्रासला बुलेट १९५५ पासून तयार होत होती, म्हैसूरहून आधी जावा आणि मग येझदी येत होती, आणि या गाड्या आमच्या भागात मोठ्या संख्येनं दूधवाल्यांकडे होत्या. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागं चाऱ्याचा भारा, आणि पाणंदीतून रोजचा रस्ता. गॅरेजात येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या वयानं जुन्या असायच्या आणि तक्रार ठरलेली असायची: धूर मारतीय, पुलिंग न्हाई, तेल खातीय.

माझ्याकडे आयटीआयचा दाखला होता. बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, त्यावरून ३४६ सीसी कसे येतात हे मी कागदावर काढून दाखवू शकत होतो. पिस्टनला वर दोन कॉम्प्रेशन रिंगा आणि खाली एक ऑइल रिंग असते, हेही पाठ होतं. पण समोर उभी असलेली गाडी झिजलेल्या पिस्टननं धूर मारते आहे की आणखी कशानं, हे ओळखायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ते ओळखावं लागतं हेच माहीत नव्हतं. धूर दिसला की पिस्टन गेला, एवढं एकच सूत्र डोक्यात होतं. हे सूत्र फार लोकप्रिय आहे, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. बोअर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, मजुरी, असं मोठं बिल होतं. आणि काम नवं असल्यामुळे गिऱ्हाईकालाही काही दिवस बरं वाटतं.

वस्ताद हे सूत्र मानत नसत. गाडी आली की आधी ते मालकाला बोलतं करायचे. धूर सकाळी पहिल्या किकला येतो की दिवसभर? चढाला येतो की उतार संपल्यावर? तेल किती दिवसांनी टाकता, आणि किती? मध्ये कुणी काम केलं का? एअर फिल्टर आहे का, का काढून ठेवलाय? मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. पाना हातात असताना गप्पा कशाला, असं वाटायचं. मालकाच्या उत्तरांतून ते एकेक शक्यता बाजूला सारत होते, हे कळायला मला बराच काळ लागला.

झिजलेल्या पिस्टनचा सगळ्यात बोलका आवाज थंड इंजिनात येतो. बुलेटचा पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि जुन्या इंजिनांचं सिलिंडर बिडाचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना दोघांमध्ये थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते. झीज झाली की ही जागा वाढते आणि स्फोटाच्या वेळी पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, जागा भरते, आवाज मरतो. आता अडचण अशी की गिऱ्हाईक गाडी चालवत गॅरेजात आणतं. दारात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, आणि जो आवाज ऐकायचा तो वाटेतच विरलेला असतो.

ज्यांना जमेल त्यांना वस्ताद गाडी रात्रभर ठेवायला सांगत. दूधवाल्याला ते जमत नाही, त्याची पहाट गाडीवरच असते. मग वस्ताद स्वतः जायचे. वडणग्याला, शियेला, चिखलीला पहाटे आम्ही सायकलींवरून जायचो आणि धारा निघेपर्यंत गोठ्याच्या बाहेर थांबायचो. मालकानं पहिली किक मारली की वस्ताद लांब पेचकसाचं टोक सिलिंडरच्या मागच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबायचे. मागच्याच अंगाला का, ते त्यांनी मला नंतर रिकामं क्रँक हातानं फिरवून दाखवलं. क्रँक चाकाच्याच दिशेनं फिरतो. स्फोट झाल्यावर कनेक्टिंग रॉडचा खालचा डोळा पुढं जातो आणि पिस्टन मागच्या भिंतीवर रेटला जातो. सगळ्यात जास्त दाब तिथं, म्हणून झीजही तिथं आणि आवाजही तिथं.

मग पेचकस त्यांनी माझ्या हातात दिला. मला सगळा एकच खडखडाट ऐकू आला. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या गतीनं येते, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज बारीक आणि दुहेरी असतो, रॉडच्या खालच्या डोळ्याचा, म्हणजे बिग एंडचा, खोल असतो आणि लोड आला की वाढतो, हे सगळं त्यांनी सांगितलं, पण माझ्या कानांना त्यातलं काही वेगळं काढता येईना. मी तसं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील.

"खरं बोललास, बरं झालं," ते म्हणाले. "ज्याला पहिल्याच दिवशी पिस्टन ऐकाय येतुय, त्याला पिस्टनच ऐकायचा असतुय."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो लागला त्या वेळेबद्दल पुढं लिहितो, कारण ते सांगितल्याशिवाय हे ऋण पुरतं सांगून होत नाही.

त्याआधी वस्तादांची रीत सांगतो. एका शाळामास्तरांची बुलेट आली होती. जून महिना, शाळा नुकत्या उघडलेल्या. किक मारली की सायलेन्सरमधून दाट निळसर धूर निघायचा. मास्तर दोन ठिकाणी दाखवून आले होते आणि दोन्हीकडे बोअर करायला सांगितलं होतं. मीही मनातल्या मनात पिस्टन, रिंगा, गॅस्केटची यादी करून टाकली. वस्तादांनी विचारलं, "गुरुजी, सुट्टीत गाडी कुठं हुती?" मास्तर गावी गेले होते, गाडी घरात उभी होती.

जुन्या बुलेटमध्ये तेल इंजिनाच्याच एका वेगळ्या कप्प्यात असतं. तिथून पंप ते क्रँककडे पाठवतो आणि क्रँककडचं वापरलेलं परत कप्प्यात आणतो. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली की कप्प्यातलं तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकखाली साठतं. मग गाडी चालू केली की क्रँक ते तेल वर उडवतो, भिंती माखतात, आणि पंप ते परत ओढून घेईपर्यंत धूर येत राहतो. रचनाच तशी आहे; त्यात पिस्टनचा काही संबंध नाही. वस्तादांनी गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवली. धूर दाट झाला, मग विरळ झाला, मग थांबला. त्यांनी तेलाच्या पट्टीवर कानशीनं बारीक खूण केली आणि मास्तरांना आठवडाभर गाडी रोज वापरून पुन्हा यायला सांगितलं. मास्तर आले तेव्हा तेल खुणेवरच होतं. वस्तादांनी त्यांना नमस्कार करून परत पाठवलं. पैसे घेतले नाहीत.

काही गाड्यांची परीक्षा रस्त्यावर व्हायची. पन्हाळ्यावरून वाघबीळकडे उतरणारा रस्ता यासाठी वस्तादांच्या पसंतीचा. ते संशयित गाडीवर, मी दुसऱ्या गाडीवर मागं, डोळे त्यांच्या सायलेन्सरवर. उतारभर थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये. अशा वेळी सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि व्हॉल्व्ह गाईड झिजले असतील तर वरचं तेल त्यांच्या फटीतून आत खेचलं जातं. उतार संपला की ते थ्रॉटल उघडायचे. त्या क्षणी निळा ढग निघाला आणि मग रस्ता स्वच्छ झाला, तर संशय आधी गाईडवर. उलट परतताना चढाला, थ्रॉटल उघडा असताना, निळी रेघ सतत मागं राहिली, तर रिंगा आणि बोअर. काळा धूर असेल तर तो पेट्रोल जादा जळत असल्याचा, त्यासाठी कार्ब्युरेटर बघायचा. झिजलेली ऑइल रिंगसुद्धा उतारावर थोडी फसवू शकते, म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, हे ते दर वेळी बजावायचे.

मग दुसरी खूण, तिसरी खूण. किकवर वजन टाकून उभं राहायचं. चांगलं इंजिन कॉम्प्रेशनला माणसाला क्षणभर तोलून धरतं, झिजलेलं सरळ खाली बसतं. खाली बसलं तर प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, प्लग लावून इंजिन दोन-चार वेळा फिरवायचं, आणि पुन्हा उभं राहायचं. आता किक धरून राहिली, तर तेलानं रिंग आणि भिंत यांच्यातली फट तात्पुरती बुजवली असं समजायचं, म्हणजे झीज तिथं आहे. काहीच फरक पडला नाही, तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जाते आहे. ब्रीदरच्या नळीपुढं कागद धरायचा. रिंगांवरून निसटलेला वायू क्रँकखान्यात जातो आणि तिथून तेलाचे शिंतोडे घेऊन या नळीतून बाहेर पडतो. प्लग बघायचा, तेलकट काळा आहे की कोरडा काळा. यातलं काहीही करायला एकही मोठा नट सोडावा लागत नाही.

"चालू हाय तवर गाडी बोलतीया," ते म्हणायचे. "एकदा का उघडलीस, की मुकी हुती. मग तू म्हणशील ते खरं."

इतकं करूनही जी इंजिनं उघडावी लागायची, ती मला अण्णांकडे घेऊन गेली. उद्यमनगरात लेथ, ओतकाम, ऑइल इंजिनाचे सुटे भाग यांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये अण्णांचं बोअरिंग मशीन होतं. शाळा त्यांनी लवकर सोडली होती. मी पहिल्यांदा ब्लॉक आणि पिस्टन घेऊन गेलो तेव्हा पिस्टन वरून, मुकुटाजवळ मोजून आकडा लिहून नेला होता. अण्णांनी चिठ्ठी बघितली आणि माझ्याच हातात मायक्रोमीटर दिला. "बाळ, आता खाली मोज. गजन पिनच्या आडव्या अंगाला. आता पिनच्या बाजूनं मोज." तीन आकडे तीन निघाले. पिस्टन गोल नसतो, तो मुद्दाम किंचित लंबगोल घासलेला असतो, आणि मुकुट जास्त तापतो म्हणून वर निमुळता ठेवलेला असतो. त्याचं खरं माप खालच्या घेरावर, पिनच्या काटकोनात. आयटीआयचा दाखला असूनही मी हे तोवर हातानं कधी तपासलं नव्हतं.

सिलिंडर कसं झिजतं तेही अण्णांनीच दाखवलं. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबून दिशा बदलतो, निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली. वर थांबतो तिथं स्फोटाचा दाब वरच्या रिंगेला भिंतीवर दाबत असतो, उष्णता सगळ्यात जास्त असते आणि वेग शून्य असल्यामुळे तेलाचा पापुद्रा टिकत नाही. म्हणून सर्वाधिक झीज रिंगेच्या प्रवासाच्या वरच्या टोकाला. त्याच्याही वर जिथं रिंग पोचत नाही तिथं धातू मूळच्या मापाचा राहतो आणि एक बारीक कडा तयार होते. अण्णा माझं बोट आत घालून नख खालून वर सरकवायला लावायचे. नख अडकलं की कडा आहे. ती न काढता नवी रिंग घातली, तर रिंग त्या कडेवर आपटून तुटायची भीती असते.

त्यांची एक रीत मला अजून थक्क करते. बोअर गेज नसेल तर काय करायचं, असं मी विचारलं होतं. त्यांनी एक जुनी रिंग घेतली, पिस्टननं दाबून सिलिंडरच्या तळाशी, जिथं रिंगेची घासण पोचत नाही तिथं, सरळ बसवली, आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजनं मोजली. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली बसवली आणि पुन्हा मोजली. फरक ०.३० मिलिमीटर आला. "म्हणजे बोअर दहा पॉइंट गेलाय," अण्णा म्हणाले. दहा पॉइंट म्हणजे ०.१० मिलिमीटर. "गॅप तिप्पट बोलतो." मी घरी जाऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला. व्यास जितका वाढतो त्याच्या तीन पटींहून थोडा जास्त परीघ वाढतो, आणि वाढलेला परीघ सगळा त्या फटीत दिसतो. शाळेत परिघाची गणितं मी सोडवली होती, गुण मिळवले होते. त्या गणिताचा उपयोग मला अण्णांनी करून दाखवला.

अण्णांची आणखी एक शिकवण मी सगळ्यात मोठी मानतो. बोअर मारणं म्हणजे धातू काढणं, आणि काढलेला धातू परत येत नाही. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्टँडर्ड सिलिंडर झिजलं की २० थाऊ मोठा पिस्टन, मग ४०, मग ६०. २० थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. या पायऱ्या संपल्या की सिलिंडरला नवा लायनर बसवायचा किंवा दुसरं सिलिंडर शोधायचं. म्हणजे जुन्या इंजिनाला मोजकेच जन्म दिलेले असतात, आणि गरज नसताना मारलेला बोअर त्यातला एक हिरावून घेतो. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाल्यावर याची किंमत कळली. मूळ मापाची सिलिंडरं दुर्मीळ होत गेली, आणि ज्यांच्या येझदीचे बोअर उगाच मारले गेले होते त्यांच्या हाती फारसं काही उरलं नाही. अण्णा मोजून बघायचे आणि कितीदा तरी ब्लॉक परत द्यायचे: "रिंगा घाल, अजून चालंल." त्यांचं पोट बोअरवर होतं, तरीही.

उघडलेला पिस्टन वाचायला या दोघांनी मिळून शिकवलं. घेरावरच्या मशीनच्या बारीक रेघा पुसून तो सगळीकडून मळकट करडा झाला असेल तर आत धूळ जाते आहे. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागून कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे असे पिस्टन बरेच यायचे, आणि विचारलं की कळायचं, पुलिंग वाढावं म्हणून फिल्टर काढून टाकला आहे. रिंगांच्या खाली तपकिरी-काळा डाग उतरला असेल तर वायू निसटतो आहे. घासल्याची खूण एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली, अशी तिरकी दिसली तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. तो सरळ केल्याशिवाय घातलेला नवा पिस्टनही तसाच झिजणार.

एका तरुण दूधवाल्याच्या टू-स्ट्रोक गाडीनं मला हे पक्कं शिकवलं. तिचा पिस्टन पुन्हा पुन्हा जाम व्हायचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे थोडा धूर असणारच, धुरावरून तिथं फारसं ठरवता येत नाही. तेल कमी घालतोस म्हणून सगळे त्याला बोलत होते. तो शपथेवर सांगत होता की बरोबर घालतो. वस्तादांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं रबरानं बंद केली, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरली आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलपाशी फेस आला. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती. मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही. तापलेला पिस्टन त्यामुळे चिकटत होता. सील बदललं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटका जास्त दिसली, कारण इतके दिवस तो खोटा ठरत होता. गाडीच्या मालकावर आधी विश्वास ठेवायचा, हे मी त्या दिवशी वस्तादांकडून घेतलं.

आता पैशांबद्दल. गॅरेजच्या धंद्यात मजुरी उघडण्याची मिळते. ऐकण्याची मिळत नाही. पहाटे सायकल हाणत वडणग्याला जाऊन, आवाज ऐकून, "काही झालं न्हाई, चालवा" असं सांगून आलेल्या माणसाला कुणी पैसे देत नाही, आणि वस्ताद मागायचे नाहीत. "हात लावला न्हाई, तर पैसं कशाचं?" हे त्यांचं म्हणणं. आम्ही उमेदवार दुपारी त्यांच्याच घरी जेवायचो. काकी भाकऱ्या थापून वाढायच्या आणि आम्ही उठलो की शिलाई मशीनवर बसायच्या. मला वाटायचं, त्यांना शिवणाची हौस आहे. घरात दरमहा किती कमी पडतं आणि ते त्या मशीनवर कसं भरून निघतं, हे मी लग्न होऊन स्वतःचा संसार सुरू झाल्यावर ओळखलं. म्हणजे मी जे शिकलो त्याची किंमत त्या घरानं भरली होती, आणि मी त्याच घरात जेवत होतो.

पुढं मी गारगोटीला गॅरेज टाकलं. कर्जाचे हप्ते होते. वस्तादांसारखंच करायचं ठरवलं होतं आणि सुरुवातीला केलंही. पण काही वर्षांनी मला स्वतःत एक गोष्ट दिसली. महिन्याच्या शेवटाला मला पिस्टनचा आवाज लवकर ऐकू येऊ लागला होता. मी कुणाला जाणूनबुजून फसवत नव्हतो. मला तो खरोखर ऐकू यायचा. कान तोच, पेचकस तोच, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की टॅपेटच्या आवाजातही मला पिस्टन सापडायचा. त्यातली काही इंजिनं मी उघडली. मोजल्यावर झीज निघायची, कारण जुन्या इंजिनात थोडी झीज निघतेच. त्यातल्या काहींना अजून बराच काळ हात लावायची गरज नव्हती, असं आज मला वाटतं. वस्तादांचं ते पहिल्या पहाटेचं वाक्य मला तेव्हा कळलं.

मी कोल्हापूरला गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांचे कान तोवर बरेच गेले होते. हवेतला आवाज त्यांना नीट येत नसे, तरी कुणी गाडी घेऊन आलं की ते पेचकसाची मूठ दातांत धरायचे आणि टोक सिलिंडरला टेकवायचे; हाडातून येणारा आवाज अजून पोचत होता. मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि असली गोष्ट मोठ्यानं बोलताना मला फार जड गेलं. काकी आत होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असणार.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऐकायचं पैसं घेत जा."

मी म्हटलं, "वस्ताद, तुम्ही कधी घेतले नाहीत."

"मी घेतलं न्हाई ते चुकलंच. तुझी काकी सांगत हुती मला, मी ऐकलं न्हाई." आणि मग जरा थांबून, "गाडी न उघडता परत पाठवलीस, तरच घ्यायचं. उघडलीस, तर ऐकायचा एक पैसा बिलात धरायचा न्हाई."

त्या हिशेबाचा अर्थ परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आला. उघडण्यावर माझं पोट अवलंबून राहिलं की कान पोटाचं ऐकणार. गाडी परत पाठवण्याची मजुरी मिळाली की तो ओढा निदान निम्म्यानं कमी होणार. हे काम करणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गरजेपासून कसं सांभाळायचं, याची ती तजवीज होती. वस्तादांनी ती स्वतःसाठी कधी केली नव्हती.

तेव्हापासून गारगोटीच्या गॅरेजात तोच नियम आहे. रात्रभर गाडी ठेवून सकाळी थंड इंजिन ऐकायचं, लागलं तर चढ-उताराला न्यायची, किकवर उभं राहायचं, आणि उघडायची गरज नसेल तर ठरलेली लहानशी रक्कम घेऊन परत द्यायची. रक्कम सांगितली की काहीजण वाद घालतात. काही केलंच नाही तर पैसे कशाचे, असं विचारतात. वस्तादही हेच म्हणायचे, त्यामुळे मला राग येत नाही. गिऱ्हाईकांच्या इंजिनाचा बोअर आधी कधी मारला असेल तर कितीचा पिस्टन आत आहे हे ठाऊक करून घेऊन मी ते एका कार्डावर लिहून देतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला कळावं की अजून किती पायऱ्या शिल्लक आहेत. कार्ड देताना मी त्यांना या पायऱ्या समजावून सांगतो. बहुतेकजण मग पैसे देतात.